उणे दोन गुणिले उणे तीन

“पण का?” इन्स्पेक्टर गजाननरावांनी विचारलं.

वर्गात तेवीस मुली होत्या. त्या एकमेकींकडे बघू लागल्या.

फळ्यावर दुर्गाबाईंच्या ठसठशीत अक्षरात लिहिलेलं होतं, उणे दोन गुणिले उणे तीन बरोबर अधिक सहा. तोवर सगळं झकास चाललं होतं. पाऊणला पावानं भागून तीन आले, अडीचला सव्वानं भागून दोन आले, दीडची निमपट तर मुलींनी एका सुरात सांगितली. साहेब खुशीत मान हलवत होते. मग ते फळ्यापाशी थांबले. उण्याला उण्यानं गुणलं की अधिक होतं, हा नियम त्यांनी तिघींकडून वदवून घेतला आणि हे एवढंसं ‘का’ विचारून उभे राहिले.

नवरा गेल्यावर चार वर्षांपूर्वी दुर्गाबाईंनी जालन्यात ही मुलींची शाळा काढली. दारोदार फिरल्या, आयांच्या विनवण्या केल्या, ‘पोरींना गणित कशाला’ हे ऐकून घेतलं आणि तरी गणितच आधी शिकवलं. पाचवीच्या पुढचा वर्ग उघडायला परवानगी मिळणार की नाही, ते संस्थानच्या राजधानीतून, हैदराबादेहून आलेल्या या साहेबांच्या शेऱ्यावर ठरणार होतं. आणि ‘का’ ते दुर्गाबाईंना स्वतःलाच ठाऊक नव्हतं. त्यांच्या मास्तरांनी नियम पाठ करून घेतला होता. त्यांनीही मुलींकडून पाठ करून घेतला.

मागच्या रांगेतून सगुणा उठली. रामकिसन मळेकऱ्याची ही पोर गावाबाहेरच्या मळ्यातून रोज चालत यायची.

“साहेब, आमच्या हिरीचं पाणी सध्या रोज दोन बोटं उतरून राह्यलं. म्हंजे उणे दोन. आजून तीन दिसांनी पाह्यलं तर सहा बोटं खाली. उणे सहा.”

“बराबर. पण हे तीन दिवस पुढचे झाले. उणे तीन कुठंय?”

“मंग मागं जायाचं. तीन दिसांमागं पाणी कुठं व्हतं?” सगुणानं आडवा तळहात हळूहळू वर नेला. “आजच्यापेक्षा सहा बोटं वरच व्हतं की!”

दुर्गाबाई फळ्याकडे बघत राहिल्या. शंभरदा लिहिलेलं ते गणित त्यांना पहिल्यांदाच दिसत होतं.

“वा! बहोत खूब!” साहेबांनी शेऱ्याची वही उघडली, टाक दौतीत बुडवला. “दुर्गाबाई, काय सुंदर शिकवलंत तुम्ही!”

गप्प राहणं अगदी सोपं होतं. टाक कागदाला टेकतच होता.

“साहेब, हे मी शिकवलेलं नाही,” दुर्गाबाई म्हणाल्या. “मला नुसता नियम येत होता. का, ते आत्ता कळलं. माझ्या सगुणानं सांगितलं तेव्हा.”

साहेबांचा टाक थांबला. त्यांनी बाईंकडे पाहिलं, मग सगुणाकडे. मान खाली घालून त्यांनी भराभर दोन ओळी लिहिल्या आणि वही बाईंपुढे सरकवली. ‘गणित उत्तम. पुढील वर्गास परवानगी द्यावी.’

“मला येत नव्हतं, हे सांगूनसुद्धा?” दुर्गाबाईंनी विचारलं.

गजाननरावांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. बावीस वर्षं इन्स्पेक्टरकी केलेला माणूस, पण चेहरा पहिल्या बाकावरच्या मुलीसारखा उजळला होता.

“बाई, मी गावोगावच्या शाळांत हा सवाल विचारून राह्यलो, तो काय परीक्षा म्हणून? मला उत्तर येत नव्हतं म्हणून.”