एका माणसाचं दार

आनंदाने दगडाला शेवटची गाठ मारली आणि आईला हाक दिली, "आये, ये. आता तू एकटी उघड."

गोदूबाई बांधावर उभी होती. पनवेलच्या खाडीकाठचं तिचं मिठागर चिमूटभर, पण त्याच्या दाराला माणसं दोन लागत. उधाणाचं पाणी आत घ्यायचं तर एकाने पहारीने फळी खाचेतून सैल करायची आणि दुसऱ्याने आडव्या वाशाच्या टोकाला लोंबकळून ती वर उचलायची. नवरा गेल्यापासून लोंबकळणारा आनंदाच. परीक्षेच्या वर्षीसुद्धा तो दर उधाणाला मुंबईहून येऊन लोंबकळला, आणि तरी गणितात पहिल्या वर्गात पास झाला.

आता घाटावरच्या एका धरणाच्या कचेरीतून हुकूम आला होता. गणकाची जागा. मंगळवारच्या आत रुजू व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. गणित शिकलेल्याने मास्तर व्हावं नाहीतर कारकून, एवढंच लोकांना ठाऊक. धरणालाही गणितवाला लागतो हे गावाने पहिल्यांदाच ऐकलं.

"काम काय रं तितं?" शेजारच्या मिठागरातला काळूराम बघायला आला होता.

"धरनाच्या दारांचे हिशोब, काका. पानी किती रेटतं, दार किती जाड पायजे, उचलायला जोर किती."

"आन् उचलतं कोन?"

"दुसरी मानसं."

"मंग बरं हाय. बसून दारं उचलायची."

आनंदा हसला. आठ दिवस वहीत आकडेमोड करून त्याने आपल्या जागी हा दगड बसवला होता. फळीचं वजन, पाण्याचा रेटा, वाशाची लांबी, सगळं धरून. दगड त्याच्यापेक्षा सहा शेर भारी निघाला.

गोदूबाईने पहार घातली. फळी हलली, दगड डौलात खाली आला आणि फळी वर गेली.

त्या दिवशी नवमी होती. भांगाचं, म्हणजे लहान भरतीचं, पाणी फळीपर्यंत पोचत नव्हतं, आतलं तळंही आटून मागे सरलं होतं, आणि फळी उन्हात खडखडीत वाळली होती. गोदूबाईच्या हाताला ते लगेच कळलं. पाणी लागलं की हीच फळी फुगते आणि खाचेत रुतून बसते. मग तिला नुसता भार पुरत नाही, वाशावर हिसके देणारा माणूस लागतो. हिसके देणं इतकं अंगवळणी पडलेलं, की पोराने वहीत ते धरलंच नव्हतं. काळूरामच्या ते ध्यानात आलं.

"पन आनंदा, पुनवंला फली..."

"कालूभावजी, तुमची म्हस मिठात शिरली बगा," गोदूबाई म्हणाली.

काळूराम धावत गेला. म्हैस कुठेच नव्हती. तो काय ते समजला आणि परत आला नाही.

"लय हलकं हाय," गोदूबाई आनंदाला म्हणाली. "आता तुजं काय काम नाय इतं."

ते ऐकून आनंदाची छाती फुगली. त्याने जावं असं तिला मात्र वाटत नव्हतं. पण उधाण बघून जातो म्हणाला असता तर मंगळवार उलटला असता, आणि मग तो जन्मभर त्या वाशाला लोंबकळत राहिला असता.

निघताना त्याने पत्ता घातलेलं एक कार्ड तिच्या हातात दिलं. "पुनवंला दार उघडलं तर कोलशानं एक रेघ मार. नाय उघडलं तर कोरंच टाक. मी नोकरी सोडून येतो."

पौर्णिमा आली. तिथी पंधरावी, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, त्यात खाडीचा उशीर धरला की दुपारचे बारा. भरतीचा हा हिशोब गोदूबाईला शाळेशिवाय येत होता, आनंदाला पाऊणकीचा पाढा तिनेच शिकवला होता. द्वादशीपासून रोज थोडं थोडं पाणी फळीला लागत होतं. बाराला ते पुरतं चढलं. तिने पहार घातली, अंग टाकलं आणि सवयीने ओरडली, "ओढ रं, आनंदा!"

दगड दोरावर जरासा फिरला आणि थांबला.

ती धावत वाशाकडे गेली, दगडाला लोंबकळली. परत पहारीकडे आली. परत वाशाकडे. हाक कुणाला मारणार? जो तो आपापल्या दारावर, भरती सगळ्यांची एकाच वेळी. पाणी आलं तसं मागे फिरलं आणि तिचं तळं कोरडं राहिलं.

आपलं दार लावून काळूराम आला. तळ्याकडे बघून म्हणाला, "पोरगा चुकला, वैनी. कार्ड कोरंच टाक. येल तो."

गोदूबाईने ओटीतून कार्ड काढलं. कोळसाही तिने घरूनच आणला होता. गुडघ्यावर कार्ड ठेवून तिने एक रेघ मारली, वरपासून खालपर्यंत, सरळ.

"जाता जाता पेटीत टाका."

"पन उघडलं कुटं?"

"त्याचा हिशोब बरोबर हाय, भावजी," ती म्हणाली. "फली फुगली ती."