आठ वर्षं टिकणारा लॅपटॉप

"आठ वर्षं?" भाऊसाहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला. "नक्की?"

"बिल्कुल, बाबा! बॉडी धातूची आहे. स्वस्तातला घेतला की दोन वर्षांत बिजागरी जाते. हा बघा ना." नचिकेतने आपला जुना लॅपटॉप पुढे केला. त्याचा पडदा कुकरला टेकवल्याशिवाय उभा राहत नव्हता.

भाऊसाहेबांची उभी हयात दिल्लीत, केंद्राच्या एका मंत्रालयाच्या खरेदी विभागात गेली होती. खुर्च्या, पंखे, साहेबलोकांचे लॅपटॉप, सगळं त्यांच्या टेबलावरून गेलेलं. त्यामुळे आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये साधी बादली घ्यायची म्हटली तरी तीन दुकानांचे भाव यायचे आणि रीतसर बैठक व्हायची. मार्चमध्ये ते निवृत्त होऊन साताऱ्याला परतणार होते. म्हणजे लॅपटॉप आता मिळाला तर मिळाला, हे नचिकेतला पक्कं ठाऊक होतं.

यूपीएससीचे त्याचे दोन प्रयत्न वाया गेले होते. तिसऱ्याच्या तयारीत गेला महिनाभर त्याने अर्थशास्त्राऐवजी लॅपटॉपचाच अभ्यास केला होता, आणि तो मात्र कडक झाला होता.

"अक्षरं मोठी करता येतात?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"हवी तेवढी."

बाबांना लेकाच्या डोळ्यांची एवढी काळजी! नचिकेतला अगदी भरून आलं.

चंद्रप्रभाबाई मटार सोलत होत्या. "आणि व्हिडिओ कॉलवर समोरच्याचा चेहरा स्वच्छ दिसतो का रे?"

"एकदम, आई. मॉक इंटरव्ह्यूला तेच तर लागतं."

"वजन?" भाऊसाहेब म्हणाले.

"हलका आहे. कुठेही न्या."

"हं. एवढा महागाचा घ्यायचा म्हणजे..." त्यांनी चष्मा पुन्हा नाकावर घेतला. "या वर्षी तुझं होईल ना?"

आता मागे हटण्यात अर्थ नव्हता. "होईल काय, झालंच समजा! पुढच्या वर्षी तुमचा मुलगा क्लास वन ऑफिसर!"

आई-बाबांनी एकमेकांकडे पाहिलं.

"अच्छा," भाऊसाहेब म्हणाले. "मग प्रश्नच मिटला. घेऊन टाकू."

शनिवारी बापलेक नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारात गेले. जुना लॅपटॉपही भाऊसाहेबांनी पिशवीत घेतला होता. एक्स्चेंजमध्ये देणार असतील, असं नचिकेतला वाटलं. दुकानात भाऊसाहेबांनी नव्याचा पडदा इतक्या वेळा उघडला-मिटला की दुकानदार कळवळला, "अंकल, ये दरवाज़ा नहीं है." नचिकेत कव्हर निवडण्यात रमला तेवढ्यात ते पिशवी घेऊन वरच्या मजल्यावर जाऊन आले.

घरी येताच नचिकेतने खोक्याला हात घातला. भाऊसाहेबांनी ते अलगद उचललं आणि साताऱ्याच्या सामानात, चंद्रप्रभाबाईंच्या साड्यांमध्ये नीट बसवलं. मग पिशवीतून जुना लॅपटॉप काढून त्याच्यासमोर ठेवला.

"नवी बिजागरी बसवून आणलीय. परीक्षेपर्यंत आरामात चालेल."

"आणि... तो?"

"तो आम्हाला. तू पोस्टिंगवर गेलास की आईला तुझं तोंड दिसायला हवं ना." त्यांनी मुलाच्या पाठीवर कौतुकाने थाप मारली. "तुला कशाला रे? क्लास वन ऑफिसरला लॅपटॉप सरकार देतं. आजवर सगळ्या साहेबांचे मीच तर खरेदी केले!"