अडलेली गाडी

"मॅडम, जुन्या प्रोग्रॅममधून गाडी सोडा. हॉस्पिटलवाले सलाइनची वाट बघताहेत!" गोदामाचे मॅनेजर कुलथे चिडले होते. आमच्या सलाइन बनवणाऱ्या कंपनीचे सगळे विभाग आजच एका नव्या सिस्टीमवर आले होते, आणि त्या सिस्टीमने पहिलीच गाडी अडवली होती.

गोदामाचा जुना प्रोग्रॅम सुनंदा तेरदाळे मॅडमनीच लिहिलेला. तो जाणार म्हणून त्या महिनाभर नाराज होत्या. आता त्यांचाच प्रोग्रॅम बरा ठरणार, असं आम्हा गोदामातल्या लोकांना वाटलं.

त्यांनी स्क्रीनवरचं कारण वाचलं. कंपनीच्या प्रयोगशाळेने गाडीतली सलाइनची बॅच नुकतीच नापास केली होती.

"माल उतरवा, दुसरी बॅच भरा," त्या म्हणाल्या. "माझ्या प्रोग्रॅमला प्रयोगशाळेतलं काही कळत नाही. त्याने ही गाडी सोडली असती."

कुलथे माल उतरवून घ्यायला स्वतः धावले. ते परतल्यावर मॅडमनी त्यांना पाणी दिलं, आणि वर्षानुवर्षं जपलेला आपला प्रोग्रॅम स्वतःच्या हाताने बंद केला.