विल्यम टॅरंट कोणाचा?

मिस हार्डिंगच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून वर्ष होत आलं, हे सुपडूनानांना जेवताना आठवलं आणि त्यांनी हातातला घास परत ताटात ठेवला.

उत्तर डोक्यात तयार होतं. धीर नव्हता.

धुळ्याला ग्रंथपाल असताना नानांनी या बाईंचं पुस्तक वाचलं होतं. विषय अठराव्या शतकातला लंडनचा चांदी-कारागीर, विल्यम टॅरंट. निवृत्तीनंतर त्यांनी भीत भीत त्याच्या जन्माबद्दल एक शंका कळवली, तर बाईंनी चर्चच्या नोंदींच्या झेरॉक्स प्रतीच नानांच्या देवपूरच्या पत्त्यावर पाठवल्या. टॅरंट जोडप्याची तीन मुलं पुरल्याची नोंद होती, विल्यमच्या बाप्तिस्म्याची नव्हती. शेजारच्या अ‍ॅन पेलच्या नावावर मात्र एका विल्यमचा बाप्तिस्मा होता, आणि त्याच महिन्यात तिच्या घरातून एक बिननावाचं तान्हं पुरलेलं. पुढे काम शिकायला उस्तादाकडे ठेवतानाच्या करारात लिहिलेलं, ‘जॉन टॅरंटचा मुलगा विल्यम’.

‘मग हा कोणाचा? मत कळवा, तुमच्या नावानिशी छापीन,’ असं बाईंनी लिहिलं होतं.

“तो मेलेला चांदीवाला तुमचा मावसभाऊ लागतो का हो?” बायकोने, द्रौपदाबाईंनी, भाकरी वाढली. “लिहून टाका एकदाचं.”

“चुकलं तर? लंडनला हसतील.”

“हसू द्या. इथवर ऐकू येणार आहे का?”

नानांनी हात धुतले आणि लिहायला बसले.

विल्यम टॅरंटांचाच. मुलं जगत नाहीत म्हणून त्यांनी त्याला जन्मताच शेजारणीच्या ओटीत घातलं, मृत्यूला चकवायला. आमच्या खानदेशात असं करतात. माझ्याआधीची भावंडं गेली, म्हणून आईने मला सुपात घालून समोरच्या झुंबरबाईंना दिलं. त्यांचं स्वतःचं तान्हं त्याच दिवसांत गेलं, तरी त्यांनी मला अंगावर पाजलं. महिन्याने आईने पसाभर ज्वारी देऊन मला परत घेतलं. माझं नाव त्या सुपावरूनच पडलं.

लिहिता लिहिता नानांची वाकलेली मान ताठ झाली. लंडनच्या विद्वानांना न सुटलेलं कोडं आपल्या सुपातून सुटत होतं!

पण छापायचं तर खात्री हवी. आईला जाऊन तीस वर्षं झाली होती. झुंबरबाई मात्र होत्या, नव्वदीला टेकलेल्या, दोंडाईच्याला लेकीकडे. पाकीट खिशात घालून नाना निघाले.

“बठ रे भाऊ. इतला उन्हमा काबर उना?” झुंबरबाईंनी येण्याचं कारण विचारलं.

नानांनी पत्र वाचून दाखवलं, अडेल तिथे खानदेशीत समजावलं. टॅरंट, पेल, सूप, ज्वारी. म्हातारी डोळे मिटून ऐकत होती.

“ते गाडेल पोर कोनं व्हतं?” तिने मध्येच विचारलं.

“शेजारणीचं, काकू.”

“तुले कोन सांगं?”

“तिच्या घरातून नेलं ना ते.”

“त्यावर नाव लिखेल शे का?”

“नाही.”

झुंबरबाईंनी डोळे उघडले. नानांचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला. मग हळू आवाजात बराच वेळ बोलत राहिल्या. लेक चहा घेऊन आली, दारातूनच परत गेली.

स्टेशनवर गाडीला अवकाश होता. नानांनी बाकावर बसून पाकीट उघडलं. ‘विल्यम टॅरंटांचाच’ ही ओळ खोडली. खाली चार ओळी लिहिल्या, पूर्ण नावाने ठळक सही केली, पाकीट चिकटवलं आणि फलाटाबाहेरच्या लाल पेटीत टाकलं.

त्या चार ओळी अशा होत्या:

‘पुरलेलं मूल टॅरंटांचं. ते शेजारणीच्या मांडीवरच गेलं असावं. ते परत न्यायला आलेल्या आईला तिने आपला जिता मुलगा दिला, आणि जन्मभर बोलली नाही. अशी एक बाई दोंडाईच्याला आहे. आज मी तिला पहिल्यांदा आई म्हटलं.’