डोळ्यानं बघितलं

सुधारानीनं बॅटन दिलं नाही, तळहातावर हाणलं. पंचशीलाच्या बोटांना झिणझिण्या आल्या. बॅटन निसटलं आणि काळ्या मातीत घरंगळत गेलं.

"जमत नसंल तर घरी बस," सुधारानी म्हणाली आणि पाठ फिरवून चालायला लागली.

चन्नबसप्पा सर मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होते. त्यांनी नुसती शिटी फुंकली. बाकीच्या पोरी फिदीफिदी हसल्या. पंचशीलानं बॅटन उचललं आणि ट्रॅकपँटला पुसलं.

नववीला ती निंबर्ग्याहून या हायस्कुलात आली, ती पळण्यासाठीच. गावात तिच्यापुढं पोरंसुद्धा टिकत नव्हती. इथं मात्र जून सरून तूर गुडघ्याला आली, तरी तिच्याशी कुणी धड बोललं नव्हतं. दहावीतली सुधारानी पळण्यात तालुक्यात पहिली येणारी. तिनं तोंड फिरवलं, म्हणून सगळ्या टीमनं फिरवलं.

बोलायची ती एकटी ज्योत्स्ना. तीही दहावीतलीच, पंचशीलासारखीच बौद्ध घरातली.

"हात दाखव बघू," म्हणत तिनं पंचशीलाचा लाल झालेला तळहात चोळून दिला. "मुद्दाम केलं तिनं. सकाळी काय म्हणली ठावं हाय का? जाऊ दे. तुला वाईट वाटंल."

"सांग की."

"म्हणली, सरांनी आता पळण्यात बी कोटा आणला जणू."

असलं बोलणं तिच्या घराला नवं नव्हतं. तिची आई चांगुणाबाई ते ऐकतच पिकली होती. तरी त्या दिवशी पंचशीलानं डबा उघडलाच नाही.

पुढच्या आठवड्यात निवड झाली. शंभर मीटरला शाळेतून दोघींनाच उतरता येतं. पंचशीला पहिली आली, सुधारानी दुसरी. ज्योत्स्ना थोडक्यात मागं राहिली.

"तुझी जागा गेली माझ्यामुळं," पंचशीला चाचरत म्हणाली.

"येडी का काय? आपली एक पोरगी फुडं जायलीय, मला अजून काय पायजे?" ज्योत्स्नानं तिला मिठी मारली. "फकस्त जपून ऱ्हा. ती तुला सुखानं पळू द्यायची न्हाई."

पंचशीला जपून राहायला लागली. एकदा पाण्याच्या टाकीजवळ दोघी समोरासमोर आल्या. पंचशीलानं हसायचा प्रयत्न केला. सुधारानीनं तिच्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पाणी न पिताच माघारी वळली. त्यानंतर पंचशीलाही हसली नाही. सरावाला ती शेजारच्या लेनकडं न बघता दात आवळून पळायची. राग पायांत उतरला होता आणि पाय सुसाट सुटले होते.

तालुक्याच्या स्पर्धा आळंदला होत्या. त्या सकाळी पंचशीलानं पिशवी उघडली. अमरदीपमामानं सोलापुराहून आणलेले खिळ्यांचे बूट ब्लेडनं चिरले होते. दोन्ही तळवे लोंबत होते.

ज्योत्स्नानं तिला बाजूला ओढलं.

"मी बघितलं तिला. तुझ्या पिशवीपाशी बसली होती. पण मी सांगितलं तर कोण ऐकंल? म्हणतील, टीममधून राहिली मनून जळायलीय. तिचा बाप तर शाळेच्या कमिटीत हाय. तूच बघितलीस म्हण. तुझं ऐकतील."

सरांनी सगळ्यांना उभं केलं. सुधारानीचे वडील रेवणसिद्धप्पा पोरीची शर्यत बघायला मुद्दाम आले होते. तेही पुढं झाले. पंचशीलानं सुधारानीकडं बोट दाखवलं.

"मी? मी कामून करू असलं?" सुधारानीचा चेहरा पांढरा पडला.

"पंचशीला, नीट आठवून सांग. तू स्वतः बघितलीस?" सरांनी विचारलं.

पंचशीलानं सुधारानीकडं पाहिलं. तळहातावर हाणलेलं बॅटन आठवलं, कोट्याचं बोलणं आठवलं.

"व्हय सर. ह्या डोळ्यानं बघितलं."

सुधारानीनं तोंड उघडलं, पण त्याआधीच रेवणसिद्धप्पांनी तिचा दंड धरला. सगळ्यांसमोर मान खाली घालायची त्यांच्यावर कधी वेळ आली नव्हती.

"बास झालं पळणं. दहावी झाली की स्थळ बघतो तुझं," ते म्हणाले आणि तिला ओढत फाटकाबाहेर घेऊन गेले.

"ज्योत्स्ना, तिच्या जागी तू उतर," सर थकल्या आवाजात म्हणाले.

पंचशीला अनवाणी पळाली आणि पहिली आली. ज्योत्स्ना दुसरी. दोघीही कलबुर्गीला, जिल्ह्याच्या स्पर्धेला निवडल्या गेल्या. गळ्यात पडून दोघी रडल्या.

कलबुर्गीला निघायच्या दिवशी पंचशीला बसमध्ये पाय टाकणार, तोच मागून कुणीतरी हाक मारली. सुधारानी होती. डोळे सुजलेले, अंगावर शाळेचा ड्रेस, पायात साध्या चपला.

"आता काय पायजे तुला?" पंचशीला खेकसली.

"एकच विचारते. तू खरंच मला बघितलीस?"

"तू इतके महिने मला छळलीस. आता कशाला विचारायलीस?"

"बॅटन हाणलं तेवढंच. एरवी मी तुझ्या वाटंला पण जात नव्हते." सुधारानीचा आवाज फुटला. "तू आलीस तवा लई खुश झाले होते मी. जोडीला तगडी पोरगी पायजेच होती मला. पण ज्योत्स्ना म्हणली, तू आईची शपथ घेतलीयस, माझ्या वाऱ्याला सुदीक उभी ऱ्हाणार न्हाईस मनून. मग मला बी राग आला."

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. खिडकीतून ज्योत्स्नाचा हात बाहेर आला, प्रेमानं हलला.

"पंचू, ये की लवकर! तुझ्यासाठी जागा धरलीय."