भुकेला कोळसा

वाळूत फळलेली शेजारच्या इंदुवहिनींची वांगी पाहून विश्रामच्या पोटात दुखे. बुरशी पोसलेला सजीव कोळसा खतात भिजवूनच पुरायचा, नाहीतर पोट भरेपर्यंत तो भोवतालचे अन्न ओढतो आणि मगच जवळच्या मुळांना देतो, हे किनाऱ्यावर सर्वांना ठाऊक होते. म्हणूनच त्याने वहिनींच्या वाफ्यात कोरडा कोळसा गुपचूप पुरला. गावच्या भाजी-प्रदर्शनात पहिला नंबर यावा म्हणून स्वतःच्या वाफ्यात मासळीचे खत दुप्पट ओतले.

आठवड्याने वहिनींची वांगी अधिकच टरारली. त्याच्या रोपांनी मात्र माना टाकल्या.

“भावोजी, यंदा खत घालायला विसरलात होय?” वहिनींनी कुंपणापलीकडून विचारले.

विश्रामने कुंपणालगतची वाळू उकरली. त्या कोळशातून निघालेले बुरशीचे पांढरे धागे थेट त्याच्या वाफ्यात शिरले होते.

“घातले की, वहिनी,” तो पुटपुटला, “सगळे तुमच्याच वांग्यांना घातले.”