धुक्याचा हार

आमच्या बायकांच्या मणीकामाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी एक शब्द यायचा आणि संध्याकाळपर्यंत त्यावरून मण्यांचा दागिना करायचा. धाकट्या जावेला सुई धरायला मीच शिकवलं. आता सगळ्या तिचंच कौतुक करायच्या आणि माझ्या पोटात दुखायचं. त्या दिवशी शब्द आला ‘धुकं’. संध्याकाळी तिचा हार ओवून झाला, बेल वाजली म्हणून ती दार उघडायला गेली आणि मी तिच्या हाराचा दोरा कात्रीने कापला. मणी घरभर पसरले. “दोरा कच्चा असेल गं,” मी म्हणाले. तिने कापलेलं टोक बोटांत फिरवलं. “ताई, कच्चा दोरा असा सरळ तुटत नाही.” तिने सुई माझ्यापुढे ठेवली. “तुम्हीच ओवा.” मान खाली घालून मी ओवत बसले. तिने मण्यांमध्ये धुक्यासारख्या मोकळ्या जागा सोडल्या होत्या. त्या मला जमेनात. शेवटी मणी सरकू नयेत म्हणून गाठ कुठे मारायची ते तिनेच दाखवलं. ग्रुपवर टाकलेल्या हाराच्या फोटोखाली तिने दोघींची नावं लिहिली, माझं आधी.